पदक हरपल्यावर

विजयी खेळाडूच्या गळ्यांत हार पडतो त्या क्षणाचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. तो हार सुकल्यावर त्या खेळाडूचें काय होतें, याची विचारपूस मात्र फारशी कोणी करीत नाहीं. वकिलाला पन्नाशींत लौकिक येतो, वैद्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहून रोग्याला धीर येतो, आणि गवयाची साठी उलटली म्हणजे त्याचें गाणें आतां खरें मुरलें असें आपण म्हणतों. खेळाडूच्या नशिबीं ही सवलत नाहीं. ज्या वयांत इतरांचा संसार नुकता बसूं लागतो, त्याच वयांत ‘हा आतां संपला’ असें जग त्याच्याविषयीं बोलूं लागतें. अशा संपलेल्या माणसानें पुन्हा एकदां मैदानांत उतरण्याची धडपड करावी, ही गोष्ट वस्तुतः करुणरसाची; परंतु अमेरिकन बोलपटांनीं तिचा हास्यरसाकडे पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. त्यांपैकीं एका बोलपटाचा परिचय वाचकांना करून द्यावा, असा या लेखाचा हेतु आहे. केवळ हंसवणूक एवढाच त्याचा गुण असता, तर त्याच्यासाठीं इतकी जागा खर्चण्याचें कारण नव्हतें. त्याच्या थट्टेच्या पोटांत मुलांच्या संगोपनासंबंधींचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपण आपल्या घरांतही विचारून पाहण्यासारखा आहे.

हा बोलपट म्हणजे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’. जोश गॉर्डन व विल स्पेक या दोन दिग्दर्शकांनीं मिळून तो तयार केला, आणि ३० मार्च २००७ रोजीं तो अमेरिकेंत प्रदर्शित झाला. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तेथील तिकीटविक्रींत त्यानें पहिला क्रमांक मिळविला, व पुढें जगभरांतून मिळून १४ कोटि डॉलरांहून अधिक उत्पन्न केलें. यांतील प्रमुख नट विल फेरेल यानें त्या सुमारास खेळांवरील विनोदी बोलपटांची एक मालिकाच चालविली होती. २००५ सालीं फुटबॉल, २००६ सालीं मोटारींच्या शर्यती, २००८ सालीं बास्केटबॉल, आणि मध्यें २००७ सालीं हा बर्फावरील स्केटिंगचा खेळ. या चारांत हा चौथा खेळ निवडण्यांत मोठें चातुर्य आहे. कारण धिप्पाड देहाच्या विनोदी नटाला ज्या खेळांत नाजूकपणाचा आव आणावा लागेल, असा याच्यासारखा दुसरा खेळ नाहीं.

बर्फावरचा खेळ

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. स्केटर ज्या बुटांवर उभा राहतो, त्यांच्या तळाशीं पोलादाचें एक अरुंद पातें असतें. त्या पात्याची खालची बाजू किंचित् पोकळ घासलेली असल्यामुळें त्याला आंतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. कोणत्या धारेवर भार टाकला यावर वळण कोणत्या बाजूस जाईल हें ठरतें, आणि उडीची शुद्धता तपासतांनाही परीक्षक हीच धार पाहतात. उड्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील ‘ॲक्सेल’ ही एकच उडी समोर तोंड करून घेतली जाते, व उतरतांना मात्र पाठमोरें उतरावें लागतें. यामुळें तिच्यांत अर्धा फेरा अधिक पडतो, आणि म्हणूनच ती अवघड समजली जाते.

एकेरी खेळांत खेळाडू एकटाच असतो. जोडीच्या खेळांत पुरुष स्त्रीला डोक्यावर हात ताठ करून उचलतो व तशाच स्थितींत बर्फावरून वेगानें फिरतो. तिला हवेंत फेंकतो, आणि ती गिरक्या घेऊन एका पायावर उतरते. तिचा एक हात धरून तिला स्वतःभोवतीं असा फिरवितो कीं तिचें मस्तक बर्फाला जवळजवळ लागतें. हा शेवटचा प्रकार ‘मृत्यूचा भोवरा’ या अर्थाच्या नांवानें ओळखला जातो, आणि तें नांव अगदींच पोकळ नाहीं. एकट्याच्या खेळांत स्वतःच्या पायांवर विश्वास असला म्हणजे भागतें. जोडीच्या खेळांत तो दुसऱ्याच्या हातांवर ठेवावा लागतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण सगळा बोलपट त्यावरच उभारलेला आहे.

दोन विजेते आणि त्यांची पडझड

कथेंत दोन स्केटर आहेत. चॅझ मायकेल मायकेल्स हा रांगडा, व्यसनी, स्वतःच्या मोहकपणावर स्वतःच लुब्ध झालेला. ही भूमिका विल फेरेलची. दुसरा जिमी मॅकेलरॉय हा गोरागोमटा, शिस्तींत वाढलेला, मोराचा पोशाख घालून बर्फावर हळुवारपणें तरंगणारा. ही भूमिका जॉन हेडर यानें केली आहे. २००२ सालच्या एका काल्पनिक जागतिक स्पर्धेंत दोघांना सारखेच गुण पडतात, आणि सुवर्णपदक दोघांत वांटून द्यावें लागतें. विजयाच्या चौथऱ्यावर एकमेकांशेजारीं उभे राहणें त्यांना सहन होत नाहीं. बोलाचाली होते, धक्काबुक्की होते, आणि मारामारीच्या भरांत स्पर्धेचें शुभचिन्ह म्हणून सोंग घेऊन उभ्या असलेल्या बिचाऱ्या माणसाच्या पोशाखाला आग लागते. दोघांचीं पदकें काढून घेतलीं जातात, आणि पुरुषांच्या एकेरी खेळांतून दोघांना आजन्म हद्दपार करण्यांत येतें.

येथपर्यंत सारा धुडगूस आहे. प्रेक्षकांना हंसण्यापलीकडे कांहीं काम नाहीं. परंतु यानंतर लगेच एक प्रसंग येतो, त्यांत मात्र हंसूं ओठांवरच थांबतें. जिमी हा मूळचा अनाथ. लहानपणीं त्याचें स्केटिंगचें कसब पाहून एका कोट्यधीशानें त्याला दत्तक घेतलेलें असतें. या गृहस्थाचा छंद असा कीं, उपजत गुणी मुलें हेरावीं, त्यांना उत्तम आहार, उत्तम शिक्षक आणि उत्तम साधनें पुरवावीं, व त्यांच्याकडून जागतिक विजय मिळवावे. कोणी चित्रें जमवितो, कोणी जातिवंत घोडे जमवितो. हा विजेतीं मुलें जमवितो. जिमीचें पदक गेल्याबरोबर या धर्मपित्याच्या लेखीं त्याची किंमत शून्य होते, आणि तो त्याच्याशीं असलेलें नातें तेथल्या तेथें तोडून टाकतो. मुलाच्या अपराधाबद्दल राग आला म्हणून तो त्याला टाकीत नाहीं. रागाच्या मुळाशीं माया तरी असते. येथें केवळ तोट्याचा व्यवहार बंद करावा इतक्या शांतपणें मुलगा सोडून दिला जातो.

साडेतीन वर्षांनंतर आपण पाहतों तों जिमी एका क्रीडासाहित्याच्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवीत आहे. चॅझची स्थिति याहून वाईट. मुलांसाठीं होणाऱ्या बर्फावरील एका जत्रावजा खेळांत तो सोंग घेऊन नाचतो, आणि तेंही दारूच्या अमलाखालीं. ज्यानें एकेकाळीं टाळ्यांचा कडकडाट ऐकला, त्याला आतां दुसऱ्याच्या मुखवट्याआड लपून पोट भरावें लागतें.

नियमांतली पळवाट

जिमीचा एक वेडसर चाहता नियमांचें पुस्तक चाळून एक पळवाट काढतो. हद्दपारी एकेरी खेळापुरती आहे. जोडीच्या खेळाबद्दल पुस्तकांत अवाक्षर नाहीं. जिमी जोडीदार शोधीत त्या मुलांच्या खेळाच्या ठिकाणीं जातो, तेथें चॅझची गांठ पडते, आणि जुनें वैर उफाळून दोघे पुन्हा एकमेकांच्या अंगावर धांवून जातात. ही हाणामारी दूरचित्रवाणीवर दाखविली जाते, आणि ती पाहून एका जुन्या शिक्षकाच्या डोक्यांत कल्पना येते कीं, हे दोघे भांडतांना एकमेकांना उचलतात, फिरवितात, आपटतात. मग हेंच तालांत केलें तर? त्यांतून इतिहासांत कधीं नव्हती अशी दोन पुरुषांची जोडी जन्माला येते.

यापुढील विनोद मुख्यतः एका प्रश्नावर चालतो: या जोडींत स्त्रीची जागा कोणी घ्यावयाची? उचलणारा कोण आणि उचलला जाणारा कोण? दोघांनाही उचलला जाण्यांत कमीपणा वाटतो. उचलणाऱ्याला अंगबळ लागतें, हें तर उघडच आहे. परंतु उचलल्या जाणाऱ्याला जें धैर्य लागतें तें याहून मोठें, ही गोष्ट त्यांना फार उशिरां उमगते. शिक्षकानें त्यांच्यासाठीं ‘लोहकमळ’ अशा अर्थाच्या नांवाची एक अतिभयंकर करामत राखून ठेविलेली असते. ती पूर्वीं एकदां उत्तर कोरियांत करून पाहण्यांत आली, तेव्हां बरोबरच्या स्त्रीचें मस्तकच उडालें, असें चित्र दाखविलें आहे. प्रसंग क्रूर खरा, परंतु तो इतक्या अतिशयोक्तीनें रंगविला आहे कीं भीतीऐवजीं हंसूंच येतें.

त्यांच्याविरुद्ध एक बहीणभाऊ उभे आहेत. वरवर गोजिरे आणि आंतून विषारी असे हे दोघे आपल्या धाकट्या बहिणीला, केटीला, मोलकरणीप्रमाणें राबवून घेतात. तिला स्केटिंगच्या सरावाला पोंचविण्यास निघालेले आईबाप अपघातांत मेले, हा दोष लहानपणापासून तिच्या माथीं मारून त्यांनीं तिला कह्यांत ठेविलें आहे. त्यांच्याच सांगण्यावरून ती या जोडीवर हेरगिरी करते, जिमीचें मन तिच्यावर जडतें, आणि तिच्यावरूनच दोघा मित्रांत फूट पडते.

अखेरची स्पर्धा मॉन्ट्रियल येथें होते. प्रतिस्पर्ध्यांच्या कपटांतून निसटून दोघे ऐन वेळीं बर्फावर येतात. खेळ रंगात आला असतांना प्रतिस्पर्धी बहीण बर्फावर मोतीं फेंकते, त्यांवरून चॅझ घसरतो आणि त्याचा घोटा मोडतो. ‘लोहकमळ’ अजून व्हावयाचें असतें, आणि त्यांत उचलण्याचें काम चॅझचें असतें. येथें जिमी म्हणतो, आपण जागा बदलूं. इतके दिवस ज्या प्रश्नावर दोघे हमरीतुमरीवर येत, तो प्रश्न एका क्षणांत सुटतो. ज्याला उचलून घेण्याची लाज वाटत होती, तो चॅझ आपला जीव दुसऱ्याच्या हवालीं करतो. करामत साधते, आणि सुवर्णपदक मिळतें. शेवटीं दोघे आतषबाजीसारखे आकाशांत उडून जातात, म्हणजे बोलपट पुन्हा आपल्या मूळच्या वेडेपणावर येतो. गंमत अशी कीं, प्रत्यक्षांत चित्रीकरणापूर्वींच्या सरावांत घोटा मोडला तो जॉन हेडरचा, आणि त्यामुळें काम कांहीं काळ थांबवावें लागलें.

खरे खेळाडू, खरीं पुनरागमनें

या बोलपटांतील थट्टा बाहेरच्यांनीं केलेली नाहीं, त्यांत खुद्द खेळाडू सामील आहेत, हें विशेष सांगण्यासारखें आहे. निवेदकाच्या भूमिकेंत स्कॉट हॅमिल्टन आहे. त्यानें १९८४ सालीं साराएव्होच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. १९९७ सालीं त्याला कर्करोग झाला, आणि उपचार संपवून तो त्याच वर्षीं पुन्हा बर्फावर उतरला. पेगी फ्लेमिंग, डोरोथी हॅमिल आणि ब्रायन बॉयटानो हे तीन सुवर्णपदकविजेतेही किरकोळ भूमिकांत दिसतात. नॅन्सी केरिगनचेंही दर्शन होतें. या बाईंच्या गुडघ्यावर ६ जानेवारी १९९४ रोजीं डेट्रॉइट येथें सराव आटोपल्यावर प्रहार करण्यांत आला. प्रतिस्पर्धी खेळाडूच्या बाजूच्या माणसांनीं रचलेला तो कट होता. त्यानंतर सातच आठवड्यांनीं त्यांनीं ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविलें. बोलपटांतील कपटी बहीणभावंडें अतिरंजित वाटतात खरीं, परंतु वास्तवानें त्यांची सोय आधींच करून ठेविली होती. २००२ च्या बरोबरीच्या सुवर्णपदकाचेंही तसेंच. त्या वर्षीं सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्यें जोडीच्या खेळांतील परीक्षणावरून मोठा गदारोळ उठला, आणि अखेर रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावें लागलें. सहा गुणांची जुनी पद्धति पुढें मोडीत निघाली, ती याच प्रकरणामुळें.

परंतु पदक हरपलेल्या खेळाडूनें परत येण्याची जी मुख्य कल्पना, तिचा खरा इतिहास १९९४ सालीं नॉर्वेंतील लिलेहामर येथें घडला. पूर्वीं असा दंडक होता कीं, ज्यानें पैसे घेऊन खेळ दाखविले त्याला ऑलिंपिकचें दार बंद. सोन्या हेनी या नॉर्वेच्या मुलीनें १९२८, १९३२ आणि १९३६ अशीं तीन सुवर्णपदकें मिळवून हॉलिवूडचा रस्ता धरला. तो रस्ता परतीचा नव्हता. तिच्यामागून येणाऱ्या विजेत्यांनाही बर्फावरील फिरत्या खेळांत पोट भरावयाचें, आणि स्पर्धा दुरून पाहावयाची, एवढेंच उरलें होतें. चॅझच्या मुखवट्याची थट्टा या वस्तुस्थितींतून आलेली आहे. १९९४ च्या ऑलिंपिकसाठीं मात्र नियम सैल करण्यांत आला, व व्यवसायी स्केटरांना परत येण्याची मुभा मिळाली.

मग कोण कोण आलें, आणि त्यांना काय मिळालें? १९८८ चा विजेता बॉयटानो तिशींत परत आला. पहिल्या भागांतच उडी चुकली, आणि तो सहावा आला. १९८४ व १९८८ अशीं दोन सुवर्णपदकें मिळविलेली जर्मनीची काटारिना विट सातवी आली. १९८४ सालीं परीक्षकांकडून पूर्ण गुणांची लयलूट करणारी इंग्लंडची टॉरव्हिल व डीन ही जोडी कांस्यपदकावर थांबली. हिशेबी दृष्टीनें पाहिलें तर हीं पुनरागमनें फसलींच. परंतु विटबाईंनीं आपलें नृत्य साराएव्हो शहराला अर्पण केलें होतें. ज्या शहरांत त्यांना पहिलें सुवर्णपदक मिळालें, तें शहर त्या वेळीं वेढ्यांत सांपडून तोफांचा मारा सोशीत होतें. सातवा क्रमांक घेऊनही त्या बर्फावरून ताठ मानेनें बाहेर पडल्या. पदकाविण परत येण्याला अर्थ असूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

सुवर्णपदक घेऊन परतली ती एकच मोठी जोडी: एकाटेरिना गोर्डेएव्हा आणि सर्गेई ग्रिन्कोव्ह हें रशियन दांपत्य. १९८८ मागून १९९४ सालींही त्यांनींच विजय मिळविला. परंतु पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १९९५ मध्यें, लेक प्लॅसिड येथें सराव चालू असतांना ग्रिन्कोव्ह बर्फावर कोसळला, आणि हृदयविकारानें वयाच्या २८ व्या वर्षीं गेला. मागें पत्नी व लहान मुलगी राहिली. लहानपणापासून ज्याच्या हातांवर विसंबून ती नाचली, तो हातच नाहींसा झाला. तरीही फेब्रुवारी १९९६ मध्यें पतीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमांत ती एकटीच बर्फावर उतरली. बोलपटांतले एकटे जोडीनें परत येतात. ही जोडींतली एकटी परत आली. तेथें गुणही नव्हते, पदकही नव्हतें.

दोष आणि एक सुधारणा

बोलपटाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. चॅझच्या विषयलंपटपणावर केलेले विनोद पुष्कळदां पातळी सोडतात. अमेरिकेंतील परीक्षण मंडळानेंही तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध राहण्याची सूचना दिली होती. घरांतील सगळ्यांनीं एकत्र बसून पाहण्याजोगा तो नाहीं. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दोन पुरुषांनीं हातांत हात घालून नाचणें हीच मुळीं हास्यास्पद गोष्ट, असें पहिल्या अर्ध्या भागांत गृहीत धरलें आहे, आणि पुष्कळसें हंसूं त्या गृहीतावर उकळलें आहे. तथापि उत्तरार्धांत त्याच हातांत हात घालण्यावर दोघांचा जीव तरतो, आणि हंसणारा प्रेक्षक आपल्या हंसण्याबद्दल किंचित् ओशाळतो. पुढें वास्तवानेंही या थट्टेला मागें टाकलें. डिसेंबर २०२२ मध्यें कॅनडाच्या स्केटिंग संस्थेनें आपल्या देशांतील स्पर्धांपुरता नियम बदलून ‘जोडी म्हणजे दोन स्केटर’ एवढीच व्याख्या ठेविली. त्यांतील एक पुरुष व दुसरी स्त्री असावी ही अट काढून टाकली. पंधरा वर्षांपूर्वीं जी पळवाट म्हणून लोक हंसले, ती तेथें सरळ वाट झाली.

घरांतला प्रश्न

आतां आरंभीं म्हटलेल्या प्रश्नाकडे वळूं. त्या कोट्यधीश धर्मपित्याला आपण सहज नांवें ठेवूं शकतों, कारण तो परदेशांतला आहे, श्रीमंत आहे, आणि विनोदी बोलपटांतला आहे. परंतु मुलाचा पहिला नंबर आला म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हौसेनें बोलावून सांगणारे, आणि तोच मुलगा पुढच्या परीक्षेंत मागें पडला म्हणजे पाहुण्यांसमोर त्याचें नांवही न काढणारे वडीलधारे आपल्याकडे दुर्मिळ आहेत काय? गाण्याच्या, क्रिकेटच्या अथवा गणिताच्या स्पर्धांना मुलांना अवश्य पाठवावें. यश आलें तर पेढे वांटावे. परंतु अपयशाच्या दिवशीं घरांतील वागणुकींत काय फरक पडतो, याकडे मूल फार बारकाईनें पाहत असतें. आजीनें नेहमींप्रमाणें हांक मारली कीं नाहीं, काकांनीं नेहमींची थट्टा केली कीं नाहीं, वडील जेवतांना बोलले कीं नाहीं, यावरून तें ठरवितें कीं, या घरांत आपली जागा आपल्यामुळें आहे कीं आपल्या नंबरामुळें.

एकत्र कुटुंबांत या बाबतींत एक सोय असते. आईबापांचा चेहरा उतरला तरी एखादी आत्या, एखादा चुलतभाऊ, एखादे आजोबा मुलाच्या पाठीशीं उभे राहूं शकतात. जिमीला असें कोणी नव्हतें. त्याला शेवटीं ज्यानें धरून ठेविलें, तो त्याचाच जुना वैरी. चॅझजवळ ना शिस्त होती, ना संपत्ति, ना सभ्यता. परंतु पदक नसलेल्या जिमीच्या शेजारीं उभें राहण्याची त्याची तयारी होती, आणि त्या एका गोष्टींत तो त्या धर्मपित्याहून श्रेष्ठ ठरला.

खेळाडूचें वय होणारच, पदकें एक दिवस कपाटांत जाणारच. पुनरागमन साधेल कीं नाहीं, हें नशिबाच्या व मोडक्या घोट्याच्या हातीं असतें. परंतु परत येण्यासाठीं एखादें घर उघडें आहे कीं नाहीं, हें मात्र घरच्या माणसांच्या हातीं असतें. तेवढें दार आपल्या मुलांसाठीं उघडें राहिलें, तर त्यांना मैदानांत हरण्याची भीति पुष्कळच कमी वाटेल, आणि भीति कमी झाली म्हणजे तीं बहुधा अधिक चांगलीं खेळतील.